अल्सरेटिव्ह कोलायटिस, सुजलेले सांधे आणि हाताला न लागणारी नाडी : अनुभव आणि माहिती

रानजाई

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्रच होते. धागा काढायचं कारण माझ्या धाकट्या बहिणीचा आजार. त्याबद्दल मराठीत शोधलं तर हाताला फारसं काही लागलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्यांच्या घरात कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येणारे आजार) आहे त्यांनी कृपया पूर्ण वाचावं.

बहिणीला कॉलेजात असल्यापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मेसालामाइन या आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधावर ती छान होती. नोकरी, ट्रेक, लग्नकार्यं, सगळं व्यवस्थित चालू होतं. गेल्या पावसाळ्यात पोट परत बिघडलं, शौचावाटे रक्त जायला लागलं आणि पाठोपाठ डावा गुडघा टम्म सुजला. मग उजवा घोटा. मार लागलेला नाही, ताप नाही, पण गुडघा गरम लागायचा आणि जिना ती बसत बसत उतरायची. आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. कोलायटिसचं सांगितलं, तर "तो वेगळा विषय आहे" म्हणाले आणि डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं नि गोळ्या दिल्या. गुडघा थोडा हलका झाला, पण पोटाने जी उचल खाल्ली ती विचारू नका. रात्रभर खेपा.

पोटाच्या डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं बघितली, सगळ्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला दिलं. जंतूंचा संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर सल्फासालाझिन (सांधे आणि आतड्याची सूज कमी करणारी गोळी) आणि थोड्या काळासाठी स्टिरॉइड सुरू केलं. पोट शांत झालं तसा गुडघाही उतरला.

इथवर ठीक होतं. दिवाळीनंतर ती म्हणायला लागली की केस विंचरताना डावा हात भरून येतो. कपडे दोरीवर वाळत घालताना अर्ध्यात हात खाली घ्यावा लागायचा. आम्हाला वाटलं अशक्तपणा, हिमोग्लोबिन कमीच होतं. घरच्या बीपीच्या मशीनवर डाव्या हाताला कधी ८८ यायचं, कधी नुसतंच एरर. मशीन बिघडलंय म्हणून ते बाजूला ठेवायच्या बेतात होतो, तेवढ्यात आईने सहज उजव्या हाताला लावून बघितलं तर १३४. संधिवाततज्ज्ञांना फोन केला तर म्हणाले, आजच्या आज या. डाव्या मनगटाची नाडी जेमतेम लागत होती. सीटी अँजिओग्राफीत डाव्या हाताला रक्त नेणारी सबक्लेव्हियन धमनी अरुंद झालेली दिसली, भिंत जाड झालेली. निदान : टाकायासू आर्टरायटिस. मोठ्या रक्तवाहिन्यांना येणारी सूज.

डॉक्टर म्हणाले, हे तीन आजार तीन फायलींत ठेवू नका. आतडं, सांधे आणि धमनी, तिन्हीकडे बिघडलेली प्रतिकारशक्तीच काम करतेय. मला सगळ्यांना कळकळीने सांगायचंय ते हेच. आपल्याकडे पोटाचे पेशंट सांधेदुखी पोटाच्या डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण "ते थोडंच गुडघे बघतात". आणि हाडांच्या डॉक्टरांसमोर शौचाचं बोलायला लाजतात. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कानावर पडल्याच पाहिजेत.

आता इन्फ्लिक्सिमॅब (बिघडलेल्या प्रतिकारशक्तीची सूज रोखणारं औषध) सुरू करायचं म्हणतायत. कोणी घेतलंय का? दुखलं तर गोळी कोणती घ्यायची? आणि पुढे तिला मूल हवं आहे, त्याचं काय? जाणकारांनी लिहा.

चिंचेचं पान

रानजाई, बहिणीला लवकर आराम पडो. मला क्रोन्स आहे. माझ्या सांध्यांना काही झालं नाही, पण नडग्यांवर लालसर, जांभळट, दुखऱ्या गाठी आल्या होत्या. हात लावू देत नव्हत्या. ढेकूण किंवा डास चावले असतील म्हणून घरच्यांनी आधी गाद्या उन्हात टाकल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी एरिथेमा नोडोसम सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पोट कसं आहे?" पोटाचा उपचार वाढवल्यावर गाठी गेल्या, मागे नुसते काळसर डाग राहिले, तेही हळूहळू फिके झाले.

अजिंक्यतारा

मी संधिवाततज्ज्ञ आहे. रानजाई, तुमच्या आईंनी दुसऱ्या हाताला बीपी लावलं हे फार मोलाचं काम झालं. बहिणीच्या औषधांचा निर्णय तिचे डॉक्टरच घेतील, मी सर्वसाधारण माहिती देतो.

आतड्याच्या या आजारात सांधे मुख्यत्वे तीन तऱ्हांनी धरतात. पहिल्या प्रकारात पाचापेक्षा कमी, बहुतेक मोठे सांधे धरतात : गुडघा, घोटा. पोट भडकलं की सांधा भडकतो, पोट शमलं की काही आठवड्यांत तोही शमतो, आणि सहसा सांध्याची कायमची मोडतोड होत नाही. तुमच्या बहिणीचं वर्णन याच प्रकारात बसतं. दुसऱ्या प्रकारात हाताबोटांचे लहान सांधे, पाच किंवा जास्त, दोन्ही बाजूंचे. हा प्रकार पोटाच्या तालावर चालत नाही, पोट उत्तम असतानाही महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं रेंगाळतो. याला लोक ऱ्हुमॅटॉइड समजतात, पण त्याच्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या साधारणतः निगेटिव्ह येतात.

तिसरा प्रकार पाठीचा, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते याच्याकडे. पहाटे कंबरदुखीने जाग येते, उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ पाठ लाकडासारखी, आणि हिंडूफिरू लागलं की मोकळी होते. विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी तरुण माणसात दिसली तर ती "बसून काम करतो म्हणून" असं समजून सोडून देऊ नका. साध्या एक्स-रेत माकडहाडाजवळचे सॅक्रोइलियॅक सांधे बिघडलेले दिसायला वर्षं जातात, एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवाताशी जोडलेला जनुकप्रकार) निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असंही नाही. आतड्याच्या आजाराबरोबर येणाऱ्या मणक्याच्या संधिवातात ते बऱ्याच जणांत निगेटिव्हच असतं.

आतडं आणि सांधा यांचा संबंध काय, हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. आतड्यात तयार झालेल्या काही प्रतिकारपेशी रक्तातून फिरताना सांध्याच्या अस्तरालाही चिकटू शकतात, कारण सुजेच्या वेळी दोन्ही ठिकाणच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर एकसारखे चिकटरेणू उगवतात. टीएनएफसारखे सूज पेटवणारे रेणू दोन्हीकडे सापडतात. १९८० च्या दशकात बेल्जियममधल्या गेंटच्या डॉक्टरांनी मणक्याच्या संधिवाताच्या, पोटाची तक्रार नसलेल्या रुग्णांची आतडी दुर्बिणीने तपासली, तर जवळपास निम्म्या लोकांच्या आतड्यात सूज निघाली.

आणि सल्फासालाझिनची गोष्ट मला फार आवडते. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी १९४० च्या आसपास ते बनवून घेतलं ते संधिवातासाठी. वापरताना दिसलं की कोलायटिसच्या रुग्णांना उतार पडतोय. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या रेणूचे दोन तुकडे करतात, एक तिथेच आतड्यावर काम करतो. सुजलेल्या गुडघ्या-घोट्यांना ते आजही उपयोगी पडतं, पाठीला मात्र नाही. सोबत फोलिक ॲसिड घ्यायचं असतं. पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते, औषध थांबवल्यावर पूर्ववत होते, हे लग्न झालेल्या मुलांना आधीच सांगायला हवं.

दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दल : डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. सगळ्यांचंच पोट त्याने भडकतं असं नाही, पण ज्यांचं भडकतं त्यांना फार महागात पडतं. पॅरासिटामॉल, बर्फाचा शेक, सांध्याला आराम आणि वेळेत फोन. इटोरिकॉक्सिबच्या जातीच्या गोळ्या पोट शांत असताना थोड्या दिवसांसाठी डॉक्टर कधीकधी देतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

टाकायासूबद्दल वेगळं लिहितो, ओपीडीची वेळ झाली.

जुनाजाणता

हा सरळसरळ आमवात आहे. रोज रात्री एरंडेल आणि सुंठीचा काढा द्या, आम बाहेर पडला की सांधे मोकळे. ॲलोपॅथीच्या एवढ्या जहाल औषधांची गरज नाही. आमच्या गावी एक जण पुड्या देतात, चार दिवसांत माणूस चालायला लागतो.

रानजाई

जुनाजाणता काका, आपुलकीने लिहिलंत, पण शौचावाटे रक्त जाणाऱ्या मुलीला एरंडेल देणं मला धोक्याचं वाटतं. तिचं शरीर आधीच पाण्याविना सुकत होतं. धागा वाचणाऱ्या कोणी असं करू नये म्हणून लिहिते. राग मानू नका.

अजिंक्यतारा

रानजाईंशी सहमत. आणि चार दिवसांत चालायला लावणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्यांबद्दल : अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं तपासणीत सापडलेलं आहे. चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि पुडी अचानक बंद केली की माणूस कोसळतो. शिकलेल्या आयुर्वेदाचार्यांकडे जायला माझी ना नाही, पण त्यांनाही पूर्ण फाइल दाखवा आणि चालू औषधं परस्पर थांबवू नका.

आता टाकायासू. १९०८ मध्ये जपानमधल्या कानाझावाचे नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्यांचं वर्णन डॉक्टरांच्या एका सभेत केलं. त्याच सभेत दुसऱ्या दोन डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याही अशा रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. म्हणून याला नाडीहीन आजार असंही म्हटलं गेलं. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतीला सूज येते, भिंत जाड होते, पोकळी अरुंद होते. तरुण स्त्रियांत जास्त, आणि आशियात जास्त दिसतो. भारतीय डॉक्टरांनी तर त्याची सक्रियता मोजायला आयटीएएस २०१० ही स्वतःची गुणपद्धती तयार केली.

कोलायटिस असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही, त्यामुळे कोणी धास्ती घेऊ नये. पण दोन्ही एकत्र येतात ते निव्वळ योगायोगापेक्षा जास्त वेळा. एचएलए-बी५२ हा जनुकप्रकार दोन्ही आजारांत जास्त आढळतो. जपानमधल्या टाकायासूच्या रुग्णांच्या एका मोठ्या गटात सुमारे ६ टक्के लोकांना कोलायटिसही होता. सर्वसामान्य लोकांत तो इतका कुठेच नसतो.

लक्ष ठेवायच्या खुणा : हात वर धरून काम करताना भरून येणं, चालताना पोटऱ्या दुखणं, मानेच्या बाजूला धमनीवर दुखणं, चक्कर, कमी वयात चढलेलं बीपी, दोन हातांच्या वरच्या बीपीत १० पेक्षा जास्त फरक, तोही पुन्हा पुन्हा. बारीक ताप, वजन घटणं आणि वाढलेला ईएसआर (रक्तातली सुजेची खूण) कोलायटिसच्या खात्यावर जातात आणि तिथेच चूक होते. पोट शांत आहे, विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेची खूण) नॉर्मल आहे, तरी रक्तातलं सीआरपी (अंगातल्या सुजेची खूण) वर आहे, असं असेल तर सूज दुसरीकडे कुठे आहे हे शोधायलाच हवं.

एक महत्त्वाचं : बहिणीचं बीपी यापुढे नेहमी उजव्या हातालाच मोजा आणि फाइलच्या पहिल्या पानावर तसं ठळक लिहून ठेवा. डाव्या हाताचा आकडा खोटा दिलासा देईल. दोन्ही हात बाधित असतील तर बीपी पायाला मोजतात.

तोक्योची मनी

मी तोक्योत राहते, इथल्या एका मैत्रिणीला दोन्ही आजार आहेत म्हणून लिहितेय. जपानमध्ये टाकायासू, कोलायटिस आणि क्रोन्स तिन्ही सरकारच्या 'नानब्यो' म्हणजे दुर्धर आजारांच्या यादीत आहेत. दाखला मिळाला की उपचारांचा मोठा भार सरकार उचलतं आणि रुग्णाला उत्पन्नानुसार महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंतच भरावं लागतं. मैत्रीण दर वर्षी दाखला नवा करून घेते. तिला आधी टाकायासू झाला, कोलायटिस मागून आला. म्हणजे क्रम उलटाही असतो.

सह्यभटका

इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी टीबीची तपासणी नीट करून घ्या, ही कळकळीची विनंती. माझ्या भावाला लहान आतड्याच्या शेवटाला अल्सर होते. टीबी की क्रोन्स, बायोप्सीत स्पष्ट होईना. आधी एकेटी (टीबीची औषधं) दिली, उतार नाही, परत दुर्बीण, मग क्रोन्स ठरलं. तो मधला काळ फार वाईट गेला, पण डॉक्टरांचं म्हणणं होतं की टीबी असताना चुकून स्टिरॉइड दिलं तर टीबी पेटतो, म्हणून घाई नको. आज पटतं. नंतर बायोलॉजिक (इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध) सुरू करायच्या वेळी छातीचा सीटी, टीबीसाठी रक्ताची इग्रा आणि हातावरची मांटू, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही सगळं केलं.

इन्फ्लिक्सिमॅबचा अनुभव : सलाइनमधून दोन-तीन तास लागतात. पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. वजनावर डोस असतो, किलोमागे ५ मिलिग्रॅम, आणि बाटली १०० मिलिग्रॅमची. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३ बाटल्या. खर्चाचा हिशोब बाटल्यांवर धरा. पोट सुधारायच्या आधी त्याची टाच दुखायची थांबली, याचं आम्हाला फार नवल वाटलं होतं.

मीठभाकर

रक्तवाहिन्यांचा विषय निघालाय म्हणून माझ्या यजमानांचं सांगते. कोलायटिस भडकून ते अंथरुणाला खिळले होते. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड झाली, कडक आणि दुखरी. मी तेल लावून चोळायला घेतलं तर नणंदेने हात धरला, ती नर्स आहे. डॉपलर सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. इस्पितळात रक्त पातळ करायचं हेपॅरिन लावलं. एकीकडे शौचावाटे रक्त जातंय आणि दुसरीकडे रक्त पातळ करायचं इंजेक्शन, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की या आजारात, विशेषतः तो भडकलेला असताना, गुठळीचा धोका इतरांपेक्षा दुपटी-तिपटीहून जास्त असतो आणि गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. रक्तस्राव वाढला नाही. आता गावाला जाताना ते एसटीत मधे मधे उठून उभे राहतात, पाणी पितात.

अजिंक्यतारा

मीठभाकर, तुमच्या नणंदबाईंना नमस्कार सांगा. सुजलेली पोटरी चोळायची नाही, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. टाकायासूपेक्षा शिरेतली गुठळी कितीतरी जास्त वेळा होते. अचानक धाप, छातीत दुखणं, किंवा कधी न झालेली तीव्र डोकेदुखी आणि उलट्या असतील तर तडक इस्पितळ. मेंदूच्या शिरेतही गुठळी होऊ शकते.

डोळ्याचंही लिहितो. लाल, दुखरा, उजेड सहन न होणारा डोळा म्हणजे यूव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) असू शकतो. डोळे आलेत म्हणून मेडिकलमधले थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नजर जाऊ शकते.

उंबरठा

एक भर घालते. मला स्टिरॉइड बराच काळ होतं. मांडीच्या सांध्यात, जांघेत दुखायला लागलं तेव्हा मीच ठरवून टाकलं की कोलायटिसचा संधिवात आला. एमआरआयमध्ये एव्हीएन निघालं, हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला. आजार सांध्याचा नव्हता, औषधाचा होता. जांघेतलं दुखणं अंगावर काढू नका.

सह्यभटका

महत्त्वाचं लिहिलंत. एक शंका, अजिंक्यतारा : भावाला मधे एका ठिकाणी पाठीसाठी दुसरं बायोलॉजिक सुचवलं होतं, पोटाच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. असं का?

अजिंक्यतारा

कारण सांध्याची सगळी बायोलॉजिक आतड्याला मानवत नाहीत. इन्फ्लिक्सिमॅब आणि अदालिमुमॅब आतडं, सांधे, पाठ तिन्हीकडे चालतात. अदालिमुमॅबचं स्वस्त जैवसमरूप औषध जगात पहिल्यांदा बाजारात आलं ते भारतात, २०१४ मध्ये, त्यामुळे बऱ्याच घरांना ते आवाक्यात आलं. इटानरसेप्ट सांध्याला उत्तम, पण आतड्यावर निष्प्रभ. सेक्युकिनुमॅब पाठीला फार चांगलं, पण क्रोन्स भडकवू शकतं. उलट बाजूने व्हेडोलिझुमॅब जवळपास फक्त आतड्यावर काम करतं, त्यावर पोट सुधारून सांधे तसेच राहिलेले रुग्ण मी बघतो. गोळ्यांमध्ये टोफासिटिनिब (कोलायटिसमध्ये, क्रोन्समध्ये नाही) आणि उपाडासिटिनिब दोन्हीकडे चालतात, पण गुठळीचा इतिहास असेल तर फार विचार करून. टाकायासूसाठी वापरलं जाणारं टोसिलिझुमॅब आतड्याला छिद्र पडायच्या धोक्यामुळे अल्सर असलेल्यांत आम्ही टाळतो. म्हणून रानजाईंच्या बहिणीला इन्फ्लिक्सिमॅब सुचवलंय ते मला योग्य वाटतं.

मुलाबद्दल : होऊ शकतं, माझ्या रुग्णांना झालेली आहेत. पोट आणि धमनी दोन्ही काही महिने शांत असायला हवेत. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर गर्भ राहण्याच्या किमान ३ महिने आधी बंद. सल्फासालाझिन चालतं, फोलिक ॲसिड वाढवून. टाकायासूमध्ये बाळंतपणातलं बीपी हा खरा काळजीचा भाग, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीपासून सोबत घ्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला धागा वाचून दाखवला. तिची इग्रा निगेटिव्ह आली, छातीचा सीटी स्वच्छ आहे, हिपॅटायटिस बीही नाही. पुढच्या मंगळवारी पहिला डोस. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने "बीपी फक्त उजव्या हाताला" असं लिहून टाकलंय. मानेच्या धमन्यांची डॉपलर करून घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, यादीत आहेच. आणि दोघा डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून मगच औषध ठरवलं, याचा आम्हा सगळ्यांना फार धीर आला.

कोवळं ऊन

आजच हा धागा वाचला. माझ्या मुलाला क्रोन्स आहे, वय २३. पोट सध्या बरं आहे. पण बरेच महिने तो पहाटे उठून खोलीत येरझाऱ्या घालतो, कंबर धरते म्हणतो, आंघोळीनंतर बरं वाटतं. आम्ही गादी बदलली, तरी फरक नाही. कोणाला दाखवू?

अजिंक्यतारा

कोवळं ऊन, संधिवाततज्ज्ञांना दाखवा, आणि क्रोन्सची फाइल सोबत न्या. जाण्याआधी त्याला विचारून हे लिहून ठेवा : किती वाजता जाग येते, पाठ मोकळी व्हायला किती वेळ लागतो, दुखणं नितंबात एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतं का, टाच दुखते का, डोळा कधी लाल झाला होता का, कोणती वेदनाशामक गोळी घेतली होती आणि तेव्हा पोटाचं काय झालं. सॅक्रोइलियॅक सांध्यांचा एमआरआय लागेल असं दिसतंय. तोवर व्यायाम थांबवू नका, पोहणं येत असेल तर उत्तम. त्याच्या पोटाच्या डॉक्टरांनाही आजच कळवा.